आधी गच्चीवर जा, मग पॅनल बघा : वाचकांचे सोलरचे प्रश्न

मागच्या वेळी सहज लिहिलं होतं की घरावर सोलर बसवलंय किंवा बसवायचंय त्यांनी प्रश्न पाठवा, तर एवढे आले की सगळे छापायचे म्हटले तर वेगळा अंक काढावा लागेल. त्यातल्या निम्म्या लोकांनी एकच विचारलंय, ताई कुठल्या कंपनीचं पॅनल घेऊ? ते आधीच उरकून टाकते. आयईसी ६१२१५ (टिकाऊपणाचं) आणि आयईसी ६१७३० (सुरक्षिततेचं) ही दोन सर्टिफिकेटं असलेलं, चार वर्षांनी फोन केला तर कुणीतरी उचलेल अशा कंपनीचं कुठलंही घ्या आणि पुढे चला. (पहिल्या सर्टिफिकेटच्या टेस्टमध्ये २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर मारतात, त्यामुळे 'गारा पडल्या तर?' विचारणाऱ्या तिघाचौघांचंही काम यातच झालं, नेहमीच्या गारांना काच दाद देत नाही.) माझ्या घरावर सहा वर्षं पॅनल आहेत, ओळखीपाळखीतल्या बऱ्याच गच्च्यांवर मी स्वतः चढून बघून आलेय, त्यात पॅनलच खराब निघालं असं घर एकच. बाकी सगळी रडगाणी सावलीची, भोकांची आणि वायरींची. म्हणून आजची बहुतेक उत्तरंही तीच आहेत.

प्रश्न : तीन जण येऊन बघून गेले. एक म्हणतो ३ किलोवॅट, दुसरा ५, तिसरा म्हणतो ८ घेऊन टाका, पुढेमागे लागेलच. कुणाचं ऐकायचं?

तिघांपैकी वर्षभराची बिलं कुणी मागितली? ज्याने मागितली त्याचं ऐका, कुणीच नाही मागितली तर चौथा बोलवा.

हिशोब तुम्ही घरीही करू शकता. बारा महिन्यांच्या बिलावरचे युनिट एकत्र करा, एकाच महिन्याचे नको, उन्हाळ्यातला आणि थंडीतला आकडा जमीन-अस्मान असतो. समजा वर्षाचे ३६०० युनिट, म्हणजे दिवसाला १० झाले. १ किलोवॅटचं पॅनल चांगल्या उन्हाच्या भागात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, ढगाळ आणि थंड प्रदेशात ३ किंवा त्याहूनही कमी. म्हणजे तुम्हाला अडीच, धरा ३ किलोवॅट. पुढे एसी वाढणार असेल, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर ते युनिट त्यात मिळवा, पण 'पुढेमागे लागेल' हा आकडा नाहीये.

आणि जास्त बसवून उरलेली वीज विकू असं मनात असेल तर आधी तुमच्या वीज कंपनीचा नियम वाचा. काही ठिकाणी नेट मीटर असतं, दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट एकमेकांत वजा होतात. काही ठिकाणी मात्र तुम्ही दिलेल्या युनिटला वेगळा आणि बराच कमी दर मिळतो, तिथे मोठी सिस्टीम म्हणजे स्वस्तात वीज वाटायचा उद्योग. शिवाय जागा बघा. १ किलोवॅटची पॅनल नुसती मांडली तर ५ चौरस मीटरच्या आसपास बसतात, पण सपाट गच्चीवर तिरकी लावून, रांगांमध्ये अंतर सोडून, चालायला वाट ठेवून ८ ते १० चौरस मीटर जातातच. ८ किलोवॅटवाल्याला विचारा की बाबा, ते बसणार कुठे आणि आम्ही कपडे वाळत घालणार कुठे.

प्रश्न : आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिची थोडीशी सावली एकदोन पॅनलवर येईल. फिटिंगवाले म्हणतात एवढ्याने काही होत नाही. खरं का?

हा प्रश्न वाचून मला माझाच मूर्खपणा आठवला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी पॅनल लागली मे महिन्यात. ऊन डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्याच पायाशी, सगळं छान. नोव्हेंबरात एकदा सहज मोबाईलवर ॲप उघडून दिवसाचा ग्राफ बघितला तर डोंगरासारखी गोल रेघ असते ना, तिला उजवीकडून कुणीतरी चावा घेतल्यासारखं दिसलं. रोज दीडच्या पुढे तोच चावा. मला वाटलं इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा) गेला, तक्रार केली, माणूस आला, मीटर लावून बघून गेला, काही नाही. मग एका रविवारी मी खडू घेऊन गच्चीवर बसले आणि दर अर्ध्या तासाने टाकीच्या सावलीच्या कडेने रेघ मारत गेले. तीन वाजेपर्यंत ती सावली दोन पॅनलच्या खालच्या कडेवर चढली होती, जेमतेम वीतभर. तेवढ्या वीतभर सावलीने त्या वेळचं जनरेशन चांगलंच खाली आणलं होतं.

का होतं ते सांगते. पॅनलमधल्या सेल एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, आणि पॅनलही एकामागोमाग एक जोडून त्यांची माळ करतात, त्याला स्ट्रिंग म्हणतात. एका सेलवर सावली आली की तिच्यातून करंट नीट जाईना होतो आणि मागच्यांचाही खोळंबा. त्यावर उपाय म्हणून पॅनलच्या मागच्या डबीत साधारण तीन बायपास डायोड असतात, पॅनलच्या प्रत्येक तिसऱ्या हिश्शाला एक, ते सावलीतला भाग वगळून करंट पुढे काढतात, पण वगळला तो भाग सगळाच गेला, त्यात उन्हात असलेल्या सेलही आल्या. म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या सावलीने पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. जुन्या पद्धतीचं पॅनल उभं लावलेलं असेल आणि खालच्या कडेला आडवी सावली आली तर तिन्ही भाग एकदम जातात, तेच आडवं लावलं असतं तर एकच गेला असता. हल्ली हाफ-कट सेलची पॅनल येतात त्यात वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा असतो, त्यामुळे नुकसान कमी, पण शून्य नाही.

तर तुम्ही काय करायचं. वर्षात सूर्य सगळ्यात खाली असतो तेव्हाची सावली बघायची, उत्तर गोलार्धात डिसेंबर, दक्षिण गोलार्धात जून. तोपर्यंत थांबता येत नसेल तर इन्स्टॉलरकडून सावलीचा रिपोर्ट मागा, मोबाईलवर सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवणारी ॲप मिळतात, तुमच्या गच्चीवर उभं राहून पाच मिनिटांचं काम आहे. ज्याला तेही करायचा कंटाळा आहे तो 'काही होत नाही' असंच म्हणणार. सावली टळतच नसेल तर प्रत्येक पॅनलला ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर (त्या एकाच पॅनलची वीज वेगळी सांभाळणारी छोटी डबी) लावता येतो, म्हणजे एकाचा त्रास दुसऱ्याला नाही. मी काय केलं? टाकी हलवली. प्लंबरला अर्धा दिवस लागला आणि चावा गेला. डिश अँटेना, जिन्याची टपरी, शेजाऱ्यांचं झाड, कपड्यांची दोरी, सगळ्याला हाच न्याय. झाड आज लहान आहे, पाच वर्षांनी नसेल.

प्रश्न : सोलर बसवून महिना झाला. काल भर दुपारी लाईट गेली तर आमच्याही घरातली गेली! वर एवढं ऊन, मग फसवलं का आम्हाला?

फसवलं नाही, सांगितलं नाही. दोन्हींत फरक आहे, पण राग येणं मी समजू शकते.

तुमचा इन्व्हर्टर ऑन-ग्रिड आहे, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, ग्रिडला, जोडलेला. तो ग्रिडच्या विजेशी ताल जुळवून चालतो, ग्रिड गेलं की त्याला मुद्दाम बंद पडावं लागतं, आयईईई १५४७ या स्टँडर्डप्रमाणे तर २ सेकंदांच्या आत. विचार करा, रस्त्यावर बिघाड झालाय, लाईनमनने मेन बंद करून खांबावर चढून तारेला हात घातलाय आणि तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज जातेय. म्हणून ही सोय. ती बायपास करून देतो असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लाईट गेल्यावरही घर चालू ठेवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते, आणि महत्त्वाचं म्हणजे घरातली बॅकअपची सर्किटं वेगळी काढावी लागतात. त्यात काय घ्यायचं ते नीट ठरवा. पाच एलईडी, तीन पंखे, वायफाय आणि फ्रिज एवढ्याला सरासरी ३०० ते ३५० वॉट लागतात, ५ युनिटच्या बॅटरीत हे १२-१४ तास आरामात निघतात. तीच बॅटरी दीड टनाच्या एसीला जुंपली की तीन तासांत रिकामी. गीझर तर बॅकअपवर टाकायचा विचारही नको.

बॅटरी घेतलीच पाहिजे असं माझं अजिबात मत नाही. लाईट आठवड्यातून एकदा तासभर जात असेल तर बॅटरीवर पैसा घालू नका. रोज चार तास जात असेल, तर मात्र गोष्ट वेगळी, कारण त्या चार तासांत पॅनल नुसती उन्हात तापत बसतात. घ्यायची तर लिथियम फेरो फॉस्फेट घ्या, हजारो सायकल (एकदा भरून रिकामी झाली की एक) चालते, पाणी घालायची भानगड नाही.

प्रश्न : स्लॅबला भोकं पाडून स्ट्रक्चर बसवणार म्हणतायत. गळणार नाही ना?

नीट केलं तर नाही. घाईत केलं तर पहिल्याच मोठ्या पावसात कळतं. एका ओळखीच्या घरात मी बघितलंय, बेडरूमच्या छताला पंख्याच्या बाजूला चार पिवळे गोल, आणि ते चार गोल म्हणजे वरच्या चार बोल्टचा नकाशाच. ड्रिल मारलं, भोकातली धूळ झाडली नाही, फास्टनर ठोकला, वरून सिमेंट फासलं, झालं काम.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे भोक पाडायचं, धूळ साफ करायची, केमिकल अँकर (बोल्ट धरून ठेवणारा, घट्ट होणारा गोंद) भरायचा, बोल्ट बसवायचा आणि त्या भोवती वॉटरप्रूफिंग परत करायचं. दुसरा म्हणजे भोकच पाडायचं नाही, स्ट्रक्चरच्या पायांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे. दुसरा ऐकायला सोपा वाटतो पण त्यात वजनाचा हिशोब चुकता कामा नये. लोकांना पॅनल खाली पडायची भीती वाटते, खरी भीती ती उडायची आहे. तिरकं लावलेलं पॅनल म्हणजे शिडाचं जहाज. ढोबळ हिशोब सांगते, ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १०० किलो पडतो, अडीच चौरस मीटरच्या एका पॅनलवर अडीचशे किलो, आणि पॅनलचं स्वतःचं वजन आहे तीसच्या आतबाहेर. म्हणून 'गंजणार नाही ना' याच्या आधी 'किती वाऱ्याला धरून डिझाईन केलंय' हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. स्ट्रक्चर जितकं उंच तितका वारा जास्त, खाली मोकळी जागा मिळावी म्हणून आठ फूट उंच मांडव घालायचा असेल तर इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय घालू नका.

कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर हुक आणि क्लॅम्प वेगळे येतात, पत्र्याला तर बऱ्याचदा भोक न पाडता धारेवर पकडता येतं. छप्पर जुनं असेल तर आधी छप्पर दुरुस्त करा मग पॅनल. उलट केलंत तर सगळं उतरवून परत चढवायचा खर्च तुमचाच.

प्रश्न : भर उन्हाळ्यात जनरेशन वाढायच्या ऐवजी कमी झालं. पॅनल खराब झाली का?

नाही हो, तापली. पॅनलवर जो आकडा लिहिलेला असतो, समजा ५४० वॉट, तो प्रयोगशाळेतला असतो, सेलचं तापमान २५ अंश धरून. प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. हवा ४० अंश असेल तर आतली सेल ६५ अंशांवर सहज जाते, म्हणजे ४० अंश जास्त, म्हणजे अंदाजे १४ टक्के गायब, ५४० चे ४६५ झाले. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर लख्ख ऊन पडलेल्या गार दिवशी ग्राफ बघा, वर्षातले सगळ्यात भारी आकडे तेव्हाच दिसतात. पॅनलच्या खालून वारा खेळायला जागा हवी ती याच्यासाठी, छपराला चिकटवून लावू देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे दहा वर्षं सोलर आहे पण फक्त पाणीच तापतं, त्यालाच बाकीची लाईट जोडता येईल का?

नाही. तो सोलर हीटर, त्यात ऊन थेट पाणी तापवतं, वीज होतच नाही. हा गोंधळ फार जुना आहे, व्हाइट हाऊसच्या छपरावर १९७९ साली जिमी कार्टरनी बसवलेली ३२ पॅनलसुद्धा पाणी तापवायचीच होती आणि आजही लोक ती विजेची समजून सांगतात. हीटर चांगला चालतोय ना, मग राहू द्या, त्याने गीझरचे युनिट वाचतायत. फक्त नवीन पॅनलवर त्याच्या टाकीची सावली पडत नाही ना ते बघा (वर खडू सांगितलाय).

प्रश्न : पॅनल किती दिवसांनी धुवायची? घरचे म्हणतात पाऊस धुतो.

पाऊस बराचसा धुतो, पण पक्ष्यांची विष्ठा नाही धुत, आणि तिचा एक वाळलेला ठिपका म्हणजे कायमची सावली, तिथली सेल तापत राहते. कोरड्या दिवसांत दोनतीन आठवड्यांनी एकदा धुवा, धुळीचा रस्ता जवळ असेल तर लवकर. भल्या सकाळी, पॅनल गार असताना, तेव्हा दव असतं त्यामुळे धूळही नरम असते. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. लांब दांड्याचा मऊ वायपर, साधं पाणी, साबण नको. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि ते मग सहजी निघत नाहीत, तसं पाणी असेल तर वायपरने पुसून कोरडं करा.

आणि पॅनलवर पाय देऊन धुणाऱ्या माणसाला खाली उतरवा. काच फुटत नाही म्हणून त्याला वाटतं काही झालं नाही, आतल्या सेलना मात्र केसासारख्या चिरा जातात आणि त्या दोनतीन वर्षांनी जनरेशनमध्ये दिसतात.

प्रश्न : लहान मुलं गच्चीवर खेळतात. शॉकची, आगीची भीती वाटते.

थोडी भीती असू द्या, चांगली असते. पॅनलचं बटण नसतं. ऊन आहे तोवर ते व्होल्टेज देत राहतं, घराचा मेन बंद केला तरी पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीत वीज असतेच. एका पॅनलचे ५० व्होल्टच्या आसपास, दहा पॅनलची माळ म्हणजे ५००, आणि तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. डीसीची ठिणगी एकदा पेटली की घरातल्या, सतत दिशा बदलणाऱ्या एसी विजेसारखी सहजी विझत नाही. म्हणून वायरी पाइपमधून, डीसी आयसोलेटर (पॅनलची वीज तोडायचा स्विच) हाताशी, आणि अर्थिंग व सर्ज प्रोटेक्शन (वीज पडून येणाऱ्या झटक्यापासून बचाव) कागदावर न राहता खरोखर लावलेलं. मुलांना एवढंच सांगा की पॅनलच्या खाली चेंडू गेला तर मोठ्यांना बोलवायचं.

घरावरच्या सोलरला आग लागते तेव्हा पुष्कळदा सुरुवात कनेक्टरपासून होते. काळ्या रंगाचे, अंगठ्याएवढे, क्लिक करून बसतात. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडली तरी क्लिक होतं, आणि तिथेच घोटाळा आहे, आतला धातू नीट भिडत नाही, तापत राहतो. मी एका गच्चीवर असा कनेक्टर हातात घेतला तर एका बाजूने प्लॅस्टिक मेणासारखं ओघळून परत घट्ट झालेलं होतं, घरच्यांना पत्ताही नव्हता, वीज येतच होती. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या आणि पक्कडने दाबलेल्या नाहीत तर क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेल्या हव्यात. वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, स्वतः उघडू नका, उन्हात चालू असताना तर मुळीच नाही.

प्रश्न : २५ वर्षांची वॉरंटी म्हणजे २५ वर्षं काही बघायला नको ना?

ती वॉरंटी बहुतेक वेळा जनरेशनची असते, म्हणजे २५ वर्षांनीही पॅनल मूळच्या ८० ते ८७ टक्के देईल एवढीच. वर्षाला अर्धा टक्का घसरण नॉर्मल आहे. पॅनलमध्येच दोष निघाला तर त्याची वॉरंटी वेगळी असते, कुठे १२ वर्षं, कुठे जास्त. इन्व्हर्टरची ५ ते १० वर्षं, आणि १०-१५ वर्षांत तो एकदा बदलावा लागेल हे आजच धरून चाला. ज्याने फिटिंग केलं त्याच्या कामाची वॉरंटी किती, हे तर कुणी विचारतच नाही.

पॅनल टिकतात याबद्दल मात्र मला शंका नाही. १९५८ साली व्हॅनगार्ड १ नावाचा एवढासा उपग्रह सोडला होता, त्यात एक ट्रान्समीटर बॅटरीवर होता आणि एक सोलर सेलवर. बॅटरीवाला त्याच वर्षी जूनमध्ये गप्प झाला, सोलरवाला १९६४ पर्यंत बोलत होता. तेव्हाही पॅनलने त्रास दिला नव्हता, बघा.

प्रश्न : काम संपलं, शेवटचा हप्ता मागतायत. देऊ का?

नेट मीटर लागलं का? नसेल तर थांबा. मीटर लागेपर्यंत सिस्टीम चालू करून ठेवू नका, काही जुनी मीटर बाहेर दिलेली वीजसुद्धा वापरलेली म्हणूनच मोजतात, आणि महिनाअखेर बिल दुप्पट येतं.

मीटर लागलं असेल तर एका लख्ख दिवशी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान त्यांना बोलवा आणि इन्व्हर्टरचा स्क्रीन एकत्र बघा, ३ किलोवॅटच्या सिस्टीमवर त्या वेळी सव्वादोन-अडीच दिसायला हवेत, थंडीत सूर्य खाली असताना थोडं कमी चालेल. पॅनलचे सिरीयल नंबर बिलावरच्या नंबरांशी ताडून घ्या, नंतर वर चढून वाचणं अशक्य असतं. अर्थिंगची रीडिंग लिहून घ्या. आणि ॲपचं अकाउंट तुमच्या ईमेलवर करून घ्या, त्यांच्या नाही. माझं पहिले आठ महिने फिटिंगवाल्याच्या नावावर होतं, त्याने फोन बदलला आणि माझ्याच गच्चीचा ग्राफ मला दिसेनासा झाला.